एका मोबाइलवर वर्गाची चाचणी

चोपडा किंवा शहाद्याकडच्या ज्या शाळेत मोबाइल फक्त शिक्षकाच्याच हाती असतो, तिथे गूगल फॉर्मपेक्षा (ऑनलाइन प्रश्नावलीपेक्षा) प्लिकर्स हे शिक्षकाच्या मोबाइलच्या कॅमेऱ्याने मुलांची कार्डे वाचून उत्तरे नोंदवणारे साधन मला अधिक सोयीचे वाटते, कारण त्यात विद्यार्थ्याला केवळ छापील कागदी कार्ड लागते.

प्रथम प्लिकर्सच्या संकेतस्थळावर खाते उघडून वर्गाची यादी भरावी. हजेरी क्रमांक आणि कार्ड क्रमांक एकच ठेवल्यास पुढचा गोंधळ टळतो. कार्डे जाड कागदावर छापावीत. चकचकीत लॅमिनेशन मात्र टाळावे, कारण त्यावर उजेड चमकला की कॅमेऱ्याला कार्ड नीट वाचता येत नाही.

खरी मेहनत प्रश्नांवर घ्यावी. ‘तापी कोठे मिळते?’ या प्रश्नाला अरबी समुद्रासोबत बंगालचा उपसागर हाही पर्याय द्यावा. तो निवडणारी मुले बहुधा गोदावरीची दिशा तापीला लावत असतात, आणि नेमके कुठे पुन्हा शिकवायचे हे अशाच चुकीच्या उत्तरातून कळते. ‘वरीलपैकी सर्व’ या पर्यायातून असे काहीच हाती लागत नाही.

कार्डावरील आकृतीच्या चार बाजूंना A, B, C, D ही पर्यायांची अक्षरे असतात. वर्गात विद्यार्थ्यांनी निवडलेले अक्षर वरच्या बाजूला येईल असे कार्ड धरावे आणि शिक्षकाने मोबाइलचा कॅमेरा सावकाश फिरवावा. प्रत्येक कार्डाची आकृती वेगळी असल्याने शेजाऱ्याचे पाहून लिहिण्याची (म्हणजे धरण्याची) सोय उरत नाही. बोटे आकृतीवर आल्यास उत्तर नोंदले जात नाही, म्हणून पहिल्या दिवशी गुण न देता केवळ सराव घ्यावा.