जपानला सिनेमा आणि आरोग्यव्यवस्था शिकायला निघताना

सगळ्यात आधी औषधांचा डबा उघडा. कपडे, चलन, चार्जर हे नंतर. घरून मायेनं भरून दिलेल्या औषधांपैकी काही जपानमध्ये चालत नाहीत. स्यूडोएफेड्रिनचं प्रमाण 10 टक्क्यांहून जास्त असलेली सर्दीची औषधं नेता येत नाहीत. अ‍ॅम्फेटामाइन असलेली औषधं तर डॉक्टरांची चिठ्ठी असली तरी नाही. मला हे निघायच्या आदल्या रात्री सर्दीच्या गोळ्यांचं पाकीट उलटं करून वाचताना कळलं. आम्हाला मिळालेल्या माहितीपत्रकात याची एक ओळही नव्हती, म्हणून इथे पहिल्यांदा लिहितेय. डॉक्टरांनी लिहून दिलेली औषधं एका महिन्याची आणि दुकानातून घेतलेली दोन महिन्यांची एवढीच बरोबर नेता येतात. त्याहून जास्त लागणार असतील तर ‘युन्यू काकुनिन-शो’ नावाची परवानगी जपानच्या आरोग्य मंत्रालयाकडून निघण्याआधी मिळवावी लागते. थायरॉइड, दमा, मधुमेह असं काही असेल तर डॉक्टरांकडून इंग्रजीत पत्र घ्या आणि त्यात कंपनीचं नाव न लिहिता औषधाचं मूळ नाव लिहून घ्या.

कागदपत्रांचं थोडक्यात सांगते. विद्यापीठाकडून पात्रतेचं प्रमाणपत्र आलं की महाराष्ट्रातल्यांचा व्हिसा मुंबईच्या जपानी वाणिज्य दूतावासामार्फत होतो. मुक्काम तीन महिन्यांहून जास्त असेल तर ‘झाइर्यू कार्ड’ म्हणजे रहिवासी ओळखपत्र मिळतं आणि राहायची जागा ठरल्यापासून 14 दिवसांत वॉर्ड ऑफिसात पत्ता नोंदवायचा असतो. त्याच फेरीत राष्ट्रीय आरोग्य विम्याची नोंदणी करून टाका. ती ऐच्छिक नाही. आदल्या वर्षी जपानमध्ये उत्पन्न नव्हतं असं तिथे सांगा, हप्ता बराच कमी होतो. तीन महिन्यांपर्यंतच्या छोट्या अभ्यासक्रमाला जाणाऱ्यांना हा विमा मिळत नाही, त्यांनी इथूनच प्रवास विमा काढावा.

हा विमा म्हणजे तुमच्या अभ्यासाचा पहिला धडाच आहे. 1961 पासून जपानमध्ये प्रत्येक रहिवाशाला कोणत्या ना कोणत्या सार्वजनिक आरोग्य विम्यात असावं लागतं. दवाखान्यात गेलात तर बिलाचे 30 टक्के तुम्ही भरायचे. औषध बाहेरच्या औषधालयातून घ्यायचं आणि तिथे ‘ओकुसुरी तेचो’ नावाची छोटी वही मागायची. कोणत्या तारखेला कोणतं औषध दिलं हे त्या वहीत चिकटवत जातात. जपानी आजीआजोबांच्या पिशवीत ती असतेच. वर्गात वाचलेल्या चार लेखांपेक्षा या वहीनं मला जास्त शिकवलं.

आता भाषा. परीक्षेपुरती जपानी शिकलेल्यांचं दवाखान्यात अडतं, माझंही अडलं. कान दुखत होता. दारात बूट काढून सपाता घातल्या, ‘मोन्शिन्ह्यो’ म्हणजे पहिल्या भेटीचा प्रश्नांचा कागद भरला. कधीपासून दुखतंय, अ‍ॅलर्जी आहे का, सध्या कोणती औषधं चालू आहेत. इथवर ठीक होतं. आत गेल्यावर मी ‘इताई’, दुखतंय, एवढंच म्हणत राहिले. डॉक्टरीणबाईंनी पेन खाली ठेवलं आणि हळू विचारलं, “झुकिझुकि? चिकुचिकु?” पुस्तकात हे शब्द नव्हते, पण कानावर पडताक्षणी आजी आठवली. तीही ‘दुखतंय’वर कधी थांबायची नाही, ठसठसतंय का चुरचुरतंय, ते आधी सांग म्हणायची. मराठी माणसाला हे शिकवावं लागत नाही, फक्त जोड्या लावाव्या लागतात. म्हणून वहीचं एक पान आत्ताच आखा. ठसठस म्हणजे झुकिझुकि, टोचतंय म्हणजे चिकुचिकु, चुरचुरतंय तर हिरिहिरि, मळमळ म्हणजे मुकामुका, गरगरतंय तर कुराकुरा, पोटात मुरडा आला तर किरिकिरि. खरंच दुखेल तेव्हा हे पान हाताशी हवं. रुग्णवाहिकेचा 119 आणि पोलिसांचा 110 हे आकडेही त्याच पानावर लिहा.

सिनेमे निघण्याआधी पाहून जा, तिथे पोचल्यावर वेळ मिळत नाही. शिवाय जपानी थिएटरात जपानी सिनेमाला इंग्रजी सबटायटल सहसा नसतात. यादी लांबवू नका. तीन-चारच सिनेमे घ्या, पण प्रत्येक दोनदा पाहा. दुसऱ्यांदा पाहताना कथा सोडून द्या आणि आजार कोण कोणाला सांगतंय एवढंच टिपत जा. कुरोसावांच्या ‘इकिरू’ची, 1952 सालच्या, सुरुवातच पोटाच्या एक्स-रेनं होते. रुग्णालयात ताटकळत बसलेल्या नायकाला, वातानाबेंना, शेजारचा एक रुग्ण सांगत सुटतो की पोटाचा कर्करोग असला की डॉक्टर काय म्हणतात: साधा अल्सर आहे, ऑपरेशनची गरज नाही. थोड्या वेळानं आत डॉक्टर नेमकं तेच बोलतात. ओझुंच्या 1953 सालच्या ‘तोक्यो मोनोगातारी’त थोरला मुलगा घरातच दवाखाना चालवणारा डॉक्टर आहे. आईवडिलांना शहर दाखवायला निघायचं आणि तेवढ्यात रुग्णाचं बोलावणं येतं. पुढे आईची वेळ भरत आलीय हे वडिलांना सांगायचं कामही त्याच्याच वाट्याला येतं. तिसरा चिए हायाकावा यांचा 2022 चा ‘प्लॅन 75’ घ्या. त्यात पंचाहत्तरी ओलांडलेल्यांना सरकारच मरण निवडायची सोय करून देतं. तो पाहण्याआधी वृद्धांच्या देखभालीचा विमा, ‘काइगो होकेन’, समजून घ्या. तो 2000 साली सुरू झाला आणि त्याचा हप्ता वयाच्या चाळिशीपासून भरावा लागतो. ही व्यवस्था माहीत असेल तर त्या सिनेमातली भीती कुठून आली ते कळतं.

आणि एक तयारी घरातच करायची आहे. निघण्याआधी एखाद्या संध्याकाळी आईजवळ, आत्याजवळ बसा आणि विचारा की आपल्याकडे कोणाला मोठं दुखणं झालं तेव्हा ते त्या माणसाला कोणी सांगितलं? माझ्या आजोबांना शेवटपर्यंत ‘आतड्याला सूज आहे’ असंच सांगितलं होतं. रिपोर्ट कपाटात साड्यांखाली होता. ‘इकिरू’वर वर्गात चर्चा झाली तेव्हा माझ्याजवळ बोलायला तो रिपोर्ट होता. जपानी लोक रुग्णापासून लपवतात असं कोणी म्हणालं की मला गप्प बसवत नसे.

सामानातल्या बारीकसारीक गोष्टी: सहज काढता-घालता येणारे बूट, न फाटलेले मोजे, मास्क. मांसाचे पदार्थ आणि ताजी फळं नेऊ नका, विमानतळावर अडतील. शाकाहारी असाल तर ‘दाशी’ म्हणजे माशाच्या रश्शाबद्दल विचारणारं एक वाक्य पाठ करा, ती डाळीसारख्या दिसणाऱ्या सूपमध्येही असते.

तोक्योत कुठे जायचं तेही इथेच ठरवा. क्योबाशीला राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय आहे, पुण्याचं फिल्म अर्काइव्ह पाहिलेल्यांना तिथे घरच्यासारखं वाटेल. कोइशिकावाच्या वनस्पती उद्यानात जा. गरिबांसाठी 1722 साली सुरू झालेलं ‘योजोशो’ हे सरकारी रुग्णालय तिथे होतं आणि त्याची विहीर अजून आहे. कुरोसावांचा 1965 चा ‘अकाहिगे’ याच रुग्णालयावर आहे.

पण एकच दिवस मोकळा असेल तर तो हिगाशिमुरायामाला द्या. नाओमी कावासे यांच्या 2015 च्या ‘आन’ सिनेमात किकी किरिननं रंगवलेली म्हातारी अझुकी या लाल कडधान्याचं पुरण शिजवते, ते आपल्या पुरणासारखंच निगुतीनं. तिचे हात वाकडे आहेत, कारण तिला कुष्ठरोग होऊन गेलाय. ती राहते तसं कुष्ठधाम, तामा झेन्शोएन, इथे 1909 पासून आहे. औषधानं रोग बरा व्हायला लागला तरी रुग्णांना वेगळं ठेवणारा कायदा 1996 पर्यंत रद्द झाला नव्हता आणि सरकार चुकलं असं न्यायालयानं म्हटलं ते 2001 साली, कुमामोतोत. घरच्यांना त्रास नको म्हणून कितीतरी जणांनी नावं बदलली. आवारात अस्थींसाठी वेगळी वास्तू आहे, कारण मेल्यावरही त्यांना घरी नेणारं कोणी नव्हतं. जाण्याआधी जमलं तर वरोऱ्याला आनंदवनात एक दिवस राहून या. बाबा आमट्यांनी रुग्णांच्या हातात कुदळ दिली, झेन्शोएनला सरकारनं भोवती काटेरी पानांचं उंच कुंपण लावलं. ही दोन्ही ठिकाणं स्वतः पाहिलेली असतील तर प्रबंधाचा विषय शोधत बसावं लागणार नाही. झेन्शोएनच्या शेजारीच राष्ट्रीय कुष्ठरोग संग्रहालय आहे, प्रवेश मोफत. सेइबु इकेबुकुरो मार्गावरच्या कियोसे स्टेशनवरून बस मिळते. सोमवारी बंद असतं, तेवढं पाहून निघा.