खताचं पोतं मिळेना? रासायनिक एकदम बंद करू नका, असं कमी करत जा

देशाकडचे डॉलर संपले की बाहेरून माल आणता येत नाही, पहिला दणका खताला आणि डिझेलला बसतो, पोतं मिळत नाही आणि मिळालं तर भाव ऐकून घाम फुटतो. मग वाटतं जाऊदे, आता सगळंच सेंद्रिय करू. थांबा जरा. श्रीलंकेने 2021 मध्ये रासायनिक खताची आयात एका फटक्यात बंद केली, भाताचं पीक पडलं, त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये माघार घेतली आणि वर तांदूळ बाहेरून आणावा लागला.

साधा हिशोब बघा. 50 किलो युरियात 46 टक्के म्हणजे 23 किलो नत्र (नायट्रोजन). शेणखतात साधारण अर्धा टक्का, म्हणजे तेवढ्याच नत्राला साडेचार टनाच्या वर शेणखत, आणि तेही पहिल्या वर्षी पिकाला पूर्ण लागू होत नाही. एवढं शेण आणणार कुठून?

म्हणून आधी माती तपासा आणि पाव रानच सेंद्रियवर न्या. बाकीच्या रानात जे खत मिळेल ते एकदम न फेकता दोन-तीन हप्त्यात द्या, वाया कमी जातं.

त्या पाव रानात ताग नाहीतर धैंचा ही हिरवळीच्या खताची पिकं पेरा आणि दीडेक महिन्यात, फुलं दिसायला लागली की लगेच मातीत गाडा. उशीर केला तर काडी लाकडासारखी होते, कुजता कुजत नाही. गाडायच्या आधी एक झाड मुळासकट उपटा, मुळावरची गाठ नखाने फोडा, आत गुलाबी-लाल दिसलं तर ती हवेतला नत्र धरतेय, पांढरी किंवा हिरवट असेल तर नाही. मुख्य पिकात मधेमधे कडधान्याच्या ओळी टाका.

कंपोस्टला ओला पाला, सुका काडीकचरा दोन्ही पाहिजे. मूठभर घेऊन पिळा, एखाद-दोन थेंब आले तर ओल बरोबर, धार लागली तर सडून वास मारणार. आत हात घातल्यावर चटका बसला पाहिजे, मग आतलं बाहेर करत चाळवत राहा. कच्चं शेण मात्र थेट टाकू नका, हुमणी (मुळं खाणारी अळी) होते आणि तणाचं बी फुकटात येतं.

सोव्हिएत युनियन 1991 ला फुटल्यावर क्युबात तिकडून येणारं डिझेल आटलं तेव्हा लोकांनी परत बैल जुंपले आणि जैविक कीडनाशकं जागोजागच्या छोट्या केंद्रांत बनवायला लागले. त्यामुळे बैल असतील तर आत्ताच विकू नका. आणि बियाणं सरळ वाणाचंच राखा, हायब्रीडचं राखलेलं बी पुढच्या वर्षी एकसारखं उगवत नाही.