फोटो हलला, पण हललं कोण?

पूर्व विदर्भातल्या झाडीपट्टीत फोटोचं काम शिकायला येणारे पोट्टे आणि पोरी सुरुवातीला एकच तक्रार घेऊन येतात: "दादा, फोटो हलून राहिले जी." मी वडसा, ब्रह्मपुरी, लाखांदूर या पट्ट्यात लग्नांचं आणि नाटकांचं काम करतो. त्यांना मी एकच सांगतो: फोटो कॅमेऱ्याच्या छोट्या स्क्रीनवर बघू नका, कॉम्प्युटरवर पूर्ण मोठा करून बघा आणि नेमकं कोण हललं ते ओळखा. प्रत्येक पुसट फोटोचं कारण वेगळं असतं, आणि कारण कळल्याशिवाय केलेला उपाय वाया जातो.

सगळाच फोटो एकाच दिशेला फरफटलेला दिसतोय, नवरीच्या नथीवरचा चमकणारा ठिपकाही लांबट झालाय आणि मागचा मंडपाचा खांबही दुहेरी दिसतोय, तर हात हलला. खांब साफ आहे पण अक्षता टाकणारा हात विरघळलाय, तर माणूस हलला; तिथे हात कितीही स्थिर ठेवला तरी उपयोग नाही, शटरचाच वेग वाढवायला हवा, म्हणजे कॅमेऱ्याचा पडदा कमी वेळ उघडा ठेवायला हवा. नवरी पुसट पण तिच्या मागे बसलेली मावशी लख्ख, तर हललं कोणीच नाही, फोकस चुकला. आणि सगळंच दुधाळ दिसत असेल तर आधी लेन्स पुसा. लग्नाच्या पंगतीत वाढून आलेल्या हाताने कॅमेरा धरला की काचेवर तेलाचं बोट उमटतंच.

आता हाताचं बघू, कारण नव्या माणसाचे बहुतेक फोटो तिथेच बिघडतात.

जुना हिशेब असा: लेन्स जितक्या मिलिमीटरची, शटर किमान तितकं. ५० मिमीला १/५० सेकंद, २०० मिमीला १/२००. पण आपल्याकडे बहुतेकांचे कॅमेरे लहान सेन्सरचे (आतली उजेड टिपणारी पाटी) असतात. निकॉन, सोनीच्या अशा कॅमेऱ्यांना त्या आकड्याला १.५ ने गुणायचं, कॅननला १.६ ने. म्हणजे ५० ची लेन्स ७५ ते ८० सारखी वागते, तिला १/८० लागतं. ३०० पर्यंत झूम केलं की १/५०० च्या खाली उतरू नका. हल्लीच्या जास्त मेगापिक्सेलच्या कॅमेऱ्यात बारीकसा थरथराटही उघडा पडतो, म्हणून नव्यांनी या हिशेबाच्याही दुप्पट शटर ठेवून सुरुवात करावी. हात बसला की खाली या.

हा आकडा सारखा डोक्यात धरून काम होत नाही. आयएसओ म्हणजे कॅमेरा उजेडाला किती संवेदनशील ठेवायचा तो आकडा. त्यासाठी ऑटो आयएसओच्या मेनूत 'किमान शटर' नावाची सोय बऱ्याच कॅमेऱ्यांत असते. तिथे १/१६० किंवा १/२०० लावून ठेवा. उजेड कमी झाला की कॅमेरा आधी आयएसओ वाढवेल, शटर पाडणार नाही. आयएसओने फोटोत दाणे येतात याची नव्यांना फार धास्ती असते. दाणे आलेला फोटो अल्बममध्ये छापता येतो, कमी करता येतात, लोकांना तर दिसतही नाहीत. हललेला चेहरा मात्र कोणालाही परत आणता येत नाही. नवरीचा बाप डोळे पुसतोय तो क्षण ३२०० आयएसओवर दाणेदार मिळाला तरी मला चालतो.

कॅमेरा धरायची पद्धत सांगतो. डावा तळहात वर करून लेन्सच्या खाली ठेवा, कॅमेऱ्याचं वजन त्या तळहातावर बसलं पाहिजे. लेन्स बाजूने चिमटीत धरली की कोपर बाहेर जातं आणि सगळा भार मनगटावर येतो. दोन्ही कोपरं बरगड्यांना टेकवा. व्ह्यूफाइंडर (डोळा लावून बघायची खिडकी) असेल तर तोच वापरा, कॅमेरा भुवईला दाबून धरा. हात लांब करून स्क्रीनकडे बघत काढलेला फोटो सगळ्यात जास्त हलतो. फक्त स्क्रीनच असेल तर पट्टा मानेत घालून कॅमेरा पुढे ढकला, पट्टा ताणला की तोच आधार होतो. डावा पाय किंचित पुढे, गुडघे सैल.

श्वासाचं म्हणाल तर पूर्ण कोंडून धरायचा नाही, त्याने उलट छाती धडधडते. श्वास अर्धा सोडा, तिथे थांबा आणि बटण दाबा. बटण अर्धं दाबलं की फोकस लागतो, उरलेलं अर्धं बोटाच्या पेराने हळूच दाबायचं. बोट टोचल्यासारखं मारलं की कॅमेऱ्याचा उजवा कोपरा खाली जातो. शिवाय एकच फोटो न काढता तीनचार फोटो सलग घ्या. पहिल्यात बोट दाबल्याचा धक्का असतो, शेवटच्यात बोट उचलल्याचा. मधला बहुधा साफ निघतो.

बसून फोटो काढताना एक गुडघा जमिनीला टेकवा आणि कोपराच्या वरचा मांसल भाग उभ्या गुडघ्यावर ठेवा. कोपराचं हाड गुडघ्याच्या वाटीवर ठेवलं तर दोन गोट्यांसारखं घसरत राहतं. धानाच्या बांधीत रोवणीचे फोटो काढताना तर धुऱ्यावर (शेताच्या बांधावर) बसूनच काढा. चिखलात उभं राहिलं की पाय हळूहळू रुतत जातो, आपल्याला कळतही नाही आणि फ्रेम तिरपी होत जाते.

स्टॅबिलायझर (हाताची थरथर सावरणारी सोय) असलेली लेन्स असेल तर कॅननवर आयएस, निकॉनवर व्हीआर, सोनीवर ओएसएस असं लिहिलेलं असतं. एसएलआर कॅमेऱ्यासाठी अशी पहिली लेन्स कॅननने १९९५ मध्ये आणली, आता ती सोय कॅमेऱ्यासोबत मिळणाऱ्या साध्या किट लेन्समध्येही येते. ती चालू ठेवाच. बटण अर्धं दाबल्यावर तिला स्थिर व्हायला क्षणभर द्या, चित्र बसल्यासारखं वाटलं की मग पूर्ण दाबा. पण ती फक्त तुमचा हात सावरते, समोरचा माणूस थांबवत नाही. स्टॅबिलायझर आहे म्हणून १/१५ वर नाचणाऱ्याचा फोटो काढायला गेलात तर मागचा पडदा साफ येईल आणि नाचणारा विरघळेल.

आता नाटकाकडे येतो. या कामाचं खरं शिक्षण तिथे होतं असं माझं मत आहे.

गडचिरोली, चंद्रपूर, भंडारा, गोंदिया या चार जिल्ह्यांच्या झाडीपट्टीत दिवाळीनंतर मंडई (गावच्या जत्रा) सुरू होतात, गावोगाव नाटकं लागतात आणि होळीपर्यंत हंगाम चालतो. नाटक रात्री सुरू होतं ते पहाटेपर्यंत. वडशात नाटक कंपन्यांची कार्यालयं आहेत, त्यांना पोस्टरसाठी, मोबाइलवर पाठवायला, कलावंतांना स्वतःजवळ ठेवायला फोटो लागतात. इथले नट परशुराम खुणे यांना २०२३ साली पद्मश्री मिळाली. ही रंगभूमी आज कशी दिसते हे पुढच्या पिढीला आपल्याच फोटोंवरून कळणार आहे, म्हणून ते साफ यावेत यासाठी मी एवढा जीव तोडून सांगतो.

रंगमंचावर फ्लॅश मारायचा नाही. नटाचे डोळे दिपतात, प्रेक्षक वैतागतात आणि लाल-निळ्या उजेडाचा सगळा रंगही धुऊन जातो. किट लेन्स ५० मिमीला एफ ५.६ पर्यंतच उघडते (एफचा आकडा जितका लहान, तितकं लेन्सचं तोंड मोठं). ५० मिमी एफ १.८ ची साधी लेन्स तिच्यापेक्षा जवळपास दहापट उजेड आत घेते. एवढी एक लेन्स सेकंडहँड का होईना, आधी घ्या. मग एफ २, आयएसओ ३२००, शटर १/१६० च्या आसपास सुरुवात करा आणि उजेड बघून बदला. भारी संवाद चालू असताना एवढं पुरतं. लावणी आली की १/३२० च्या पुढे जा.

आणि नाटक ऐका. नट वाक्य टाकून थांबतो, टाळीची वाट बघतो, तो अर्धा सेकंद तो दगडासारखा उभा असतो. गिरकी घेणारी नर्तकी हात वर नेते, तिथे तोल सांभाळायला क्षणभर ठरते. बटण त्या ठिकाणी दाबायचं. तालमीला जाऊन बसलात तर या जागा आधीच कळतात, आणि कंपनीवाले नव्या पोराला तालमीला बसायला नाही म्हणत नाहीत. तिथे चहाही मिळतो.

स्टेजच्या फळ्यांवर उभं राहू नका. पायाचा एक ठेका पडला की पूर्ण फळी हलते आणि कॅमेऱ्यासकट तुम्हीही. मंडपाच्या खांबाला पाठ लावणं चांगलं, पण साउंडच्या बॉक्सजवळचा खांब टाळा. बासचा आवाज आला की तो खांब थरथरतो, हात लावून बघा. कधी फोटोत आडवे काळपट पट्टे दिसतील. तो हात हलल्याचा दोष नाही, एलईडी दिव्यांची लुकलुक आहे. आपली वीज ५० हर्ट्‌झची, त्यामुळे बरेच दिवे सेकंदाला १०० वेळा कमीजास्त होतात. कॅमेऱ्यात इलेक्ट्रॉनिक शटर चालू असेल तर मेकॅनिकल करा, तरीही पट्टे राहिले तर १/१०० लावून बघा.

डिसेंबरात मध्यरात्रीनंतर या भागात थंडी हाडात शिरते. बोटं बधिर झाली की बटणावरचा ताबा जातो, म्हणून बोटांची टोकं उघडी राहतील असे हातमोजे ठेवा. पहाटेच्या अंकाला हात थकलेला असतो. त्या वेळी शटर एक पायरी वरच ठेवावं, आयएसओ वाढला तरी वाढू द्यावा.

शंकरपटाचं, म्हणजे बैलजोड्यांच्या शर्यतीचं, गणित उलटं. २०१४ च्या बंदीनंतर डिसेंबर २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने शर्यतींना परवानगी दिली, मे २०२३ मध्ये घटनापीठाने शर्यतींना परवानगी देणारा राज्याचा कायदा वैध ठरवला, आणि आता पटाचं कामही चांगलं मिळतं. बैलजोडी समोरून जाताना १/१००० च्या खाली भरवसा नाही. वेगाची झाक हवी असेल तर १/१०० ठेवा, पाय जोडी जिथून जाणार त्या दिशेला रोवा, आणि कमरेतून वळत जोडीसोबत कॅमेरा फिरवा. बटण दाबल्यावरही फिरवणं थांबवू नका. काही लेन्सवर स्टॅबिलायझरचा मोड २ यासाठीच असतो. आधी दूरवरून येणाऱ्या मोटरसायकलींवर सराव करा. आणि दोरीच्या बाहेर उभे राहा. फोटोपेक्षा पाय महत्त्वाचा.

ट्रायपॉड गर्दीत चालत नाही, ताडोब्याच्या जंगल सफारीच्या जिप्सीत तर मांडताच येत नाही. जुन्या जीन्सचा पाय कापून दोन्ही टोकं शिवा आणि त्यात धान किंवा हरभरा भरा. ही पिशवी जिप्सीच्या कडेवर ठेवून त्यावर लेन्स टेकवली की मोठी झूमही स्थिर राहते. ड्रायव्हर भाऊंना इंजिन बंद करायला सांगा आणि सोबतच्यांना हलू नका म्हणा. एकजण उठला की अख्खी गाडी डोलते. दुसरा उपाय दोरीचा: कॅमेऱ्याच्या बुडाच्या भोकात पाव इंची, इंचाला २० आट्यांचा आखूड बोल्ट बसतो, त्याला सुतळी बांधा, टोक पायाखाली दाबा आणि कॅमेरा वर ताणून धरा. हार्डवेअरच्या दुकानात ६ मिमीचा देतील, तो घेऊ नका, आटे बिघडतील. बोल्ट हाताने जेवढा जातो तेवढाच घट्ट करा, पान्हा लावू नका.

एक गोष्ट हाताने सुटत नाही. एप्रिल-मे महिन्यात दुपारी मोकळ्या वावरापलीकडचं काही मोठ्या झूमने काढलं की फोटो वितळल्यासारखा येतो. तापलेल्या जमिनीवरची हवा थरथरते, मृगजळ दिसतं तसं. तिथे ट्रायपॉड लावा, शटर १/२००० करा, फरक पडणार नाही. सकाळी लवकर जा, नाहीतर जवळ जा.

मोबाइलवाल्यांसाठी एवढंच: दोन्ही हातांनी आडवा धरा, बोटांनी झूम करू नका, मुख्य लेन्सच वापरा. नाइट मोडमध्ये फोन काही सेकंद उजेड गोळा करतो, तोवर भिंतीला किंवा गाडीच्या टपाला टेकवून ठेवा आणि तीन सेकंदांचा टायमर लावा.

सरावाला पैसा लागत नाही. रात्री अंधारात घरच्या इन्व्हर्टरचा लहान लाल दिवा समोर ठेवा, ५० मिमीला १/१५ वर फोटो काढा आणि मोठा करून ठिपक्याची शेपटी बघा. शेपटी खालवर गेली असेल तर बोट जोरात दाबताय. आडवी गेली तर शरीर डोलतंय, पाय नीट रोवा. आकड्यासारखी वळली तर बटण दाबताना मनगट पिळतंय. मग १/२००, १/१००, १/५०, १/२५ अशा प्रत्येक शटरवर दहा-दहा फोटो काढून किती साफ आले ते वहीत लिहा. दहातले नऊ जिथे साफ येतात ती तुमच्या हाताची आजची हद्द. काम करताना तिच्या खाली जायचं नाही. महिन्याभराने पुन्हा मोजा, हद्द खाली सरकलेली असेल.

फोटो निवडताना चेहरा आधी बघा. नाचणारीचे डोळे साफ आहेत आणि घुंगरांचे पाय विरघळलेत, तर तो फोटो ठेवा, बहुतेक तोच कंपनीला आवडेल. डोळेच हललेले असतील तर शार्पनिंगचा स्लायडर ओढत बसू नका. काढून टाका आणि त्याच्या शेजारचा उघडा.