थंडीतलं भरीत, हुरडा आणि पोपटी: तिथे काय खावं, घरी काय करावं

डिसेंबर ते फेब्रुवारी हे महाराष्ट्रात खाण्यासाठी फिरायचे दिवस. जळगावकडे भरताची वांगी येतात, सोलापूर, अहिल्यानगर आणि मराठवाड्यात शाळू हुरड्यात येतो, रायगडात पोपटीसाठी लागणाऱ्या वालाला शेंगा धरतात. तिन्ही पदार्थ विस्तवावरचे. त्यांची चव माल किती ताजा आहे आणि जाळ कसला आहे यावर ठरते, मसाल्याचा वाटा थोडाच. म्हणून जागेवर काय संपवायचं आणि पिशवीत घालून काय आणायचं, हे निघण्याआधी ठरवावं. भरताची वांगी प्रवास सोसतात. वालाच्या शेंगा दोन दिवस तग धरतात. हुरडा मात्र शेतातच खावा.

खानदेशी भरीत

जळगावच्या भरताच्या वांग्याला भौगोलिक मानांकन आहे. यावल तालुक्यातलं बामणोद आणि जळगावजवळचं असोदा ही गावं या वांग्यांसाठी ओळखली जातात. वांगं मोठं, फिकट हिरवं, वर पांढऱ्या रेघा, आत गर भरपूर आणि बिया कमी. पुण्या-मुंबईच्या बाजारातलं जांभळं काळं वांगं याची जागा घेतं, पण पूर्ण घेत नाही. त्यात पाणी आणि बिया जास्त निघतात.

जळगावात थंडीत तयार भरीत किलोवर विकलं जातं. दोघांना अर्धा किलो पुरे, कारण सोबत कळण्याची (ज्वारी-उडदाच्या पिठाची) भाकरी किंवा पुरी, कच्ची कांद्याची पात आणि मुळा असतोच. भरीत सढळ तेलातलं असतं. तेल झेपत नसेल तर फोडणी पडायच्या आधीच सांगायचं, नंतर ताटात निथळत बसून उपयोग नाही. कुणी शेतातल्या भरीत पार्टीला बोलावलं तर जरूर जावं. तिथे वांगी पऱ्हाट्यांवर, म्हणजे कपाशीच्या वाळलेल्या काड्यांवर भाजतात. हा जाळ झपकन पेटतो आणि उंच उठतो. त्याने साल करपते, गर वाफेवर शिजतो आणि धुराचा वास आत शिरतो. भाजलेली वांगी सोलून बडगीत, म्हणजे लाकडी खोलगट भांड्यात ठेचतात. तो धूर गॅसवर पूर्ण साधत नाही, हे मान्य करून घरी करायला घ्यावं.

वांगी घेताना आकाराच्या मानाने हलकं वांगं उचला. जड निघालं तर आत बिया भरल्या असण्याची शक्यता जास्त. देठ हिरवं हवं, बोटाने दाबलं की साल परत वर यायला हवी. कुठे मऊ खड्डा राहिला तर ते ठेवून द्या. देठाजवळ बारीक भोक दिसलं तर आत अळी आहे असंच समजा.

चौघांसाठी:

– भरताची वांगी १ किलो (साधारण तीन)
– हिरव्या मिरच्या ८ ते १०, शक्यतो कमी तिखट, लांब
– लसूण १५ ते २० पाकळ्या
– कांद्याची पात, बारीक चिरून २ वाट्या
– शेंगदाणे अर्धी वाटी
– सुक्या खोबऱ्याचे पातळ काप २ मोठे चमचे
– शेंगदाण्याचं तेल ५ ते ६ मोठे चमचे
– जिरं १ चमचा, मीठ, मूठभर कोथिंबीर

वांगी धुऊन अगदी कोरडी पुसा. सुरीच्या टोकाने तीन-चार ठिकाणी टोचा, नाहीतर आतली वाफ कोंडून वांगं गॅसवरच फुटतं. मध्यम आचेवर थेट बर्नरवर ठेवा आणि दर दोन-तीन मिनिटांनी फिरवा. तीन-साडेतीनशे ग्रॅमच्या वांग्याला १२ ते १५ मिनिटं लागतात. बहुतेकांची चूक इथेच होते: पोट मऊ झालं की वांगं उतरवतात आणि देठाजवळचा भाग कच्चा राहतो. तोच भाग नंतर भरतात रबरासारखा दाताखाली येतो. देठाच्या बाजूने शेवटची तीन मिनिटं उभं धरून भाजा, सुरी देठापाशी लोण्यात गेल्यासारखी जायला हवी. मिरच्या आणि लसूणही त्याच आचेवर जाळीवर भाजून घ्या. लसूण सालासकट ठेवला तर जळत नाही.

भाजलेली वांगी पाच-सात मिनिटं झाकून ठेवा, साल सुटून येते. सोलताना नळाखाली धरू नका. जी चव मिळवायला पंधरा मिनिटं भाजलं, ती मोरीत वाहून जाते. पाण्यात बोटं बुडवून सोला. सालाचे चार-दोन काळे ठिपके राहिले तर राहू द्या.

आता ठेचणं. आधी मिरची, लसूण आणि मीठ खलबत्त्यात ठेचा, मग वांग्याचा गर घालून रवीने किंवा लाकडी बत्त्याने मोडा. मिक्सर लावलात तर गर चिकट लगदा होतो आणि रंगही उतरतो. गराला पाणी सुटलेलं दिसलं तर चाळणीत दहा मिनिटं निथळू द्या. जांभळ्या वांग्याला हे लागतंच.

लोखंडी कढईत तेल तापवून शेंगदाणे तांबूस तळा, मग जिरं, मग खोबरं. खोबरं सगळ्यात शेवटी, कारण ते डोळ्यांदेखत जळतं. पातीतला पांढरा भाग घालून एक मिनिट परता, गर घाला, तीन-चार मिनिटं परता आणि गॅस बंद केल्यावर हिरवी पात व कोथिंबीर मिसळा. हिरवी पात आधी घातली तर ती काळवंडते आणि तिचा करकरीतपणा जातो. हळद, टोमॅटो, दही, गरम मसाला यातलं काही नको. दह्यातलं भरीत हा वेगळा पदार्थ आहे, चांगला आहे, पण हा नव्हे.

परदेशात किंवा इंडक्शनवाल्या घरात ओव्हन २३० अंश सेल्सिअसवर तापवून वांगी टोचून ४० ते ४५ मिनिटं भाजा आणि शेवटची पाच मिनिटं वरची ग्रिल लावा, म्हणजे साल करपेल. धूर हवाच असेल तर गराच्या मधोमध वाटीत पेटता कोळसा ठेवून त्यावर चमचाभर तेल सोडा आणि तीनच मिनिटं झाका. जास्त वेळ ठेवलं तर भरीत कडू लागतं.

कळण्याची भाकरी

भरीत पोळीशी खाणं म्हणजे निम्मी मजा घालवणं. कळण्याचं पीठ गिरणीतून आणणं अवघड नाही: ज्वारी १ किलो, काळे सालासकट उडीद पाव किलो, खडे मीठ एक मोठा चमचा. सगळं एकत्र करून किंचित जाडसर दळून आणा. गव्हाच्या दळणानंतर लगेच नंबर लावू नका, गव्हाचं पीठ मिसळलं की चव बिघडते. घाई असेल तर ज्वारीच्या तीन वाट्या पिठाला उडदाचं पाऊण वाटी पीठ घ्या. उडीद सालासकट दळलेले हवेत, पांढऱ्या डाळीच्या पिठाला तो खमंगपणा येत नाही.

उडदामुळे पीठ चिकट होतं, म्हणून नुसत्या ज्वारीला लागतं तसं उकळतं पाणी लागत नाही. कोमट पाण्यात मळा, एका वेळी एकाच भाकरीपुरतं. थापताना हाताला चिकटलं तर वरून पीठ न लावता हात ओला करा. तव्यावर वरच्या बाजूला पाणी फिरवून, ते सुकायच्या आत उलटा, नाहीतर तडे जातात. ही भाकरी गार झाली की वातड होते, त्यामुळे तव्यावरून थेट ताटात. पीठ महिन्याच्या आत संपवा, त्यानंतर वास येऊ लागतो. भरीत नसेल त्या दिवशी हीच भाकरी ठेचा आणि कच्च्या तेलाबरोबर छान लागते.

हुरडा

हुरडा म्हणजे रब्बी ज्वारीचं कोवळं, चिकातून नुकतंच पुढे गेलेलं कणीस. दाणा नखाने दाबल्यावर पांढरं दूध उडालं तर लवकर आहे, पिठासारखा मऊ गोळा निघाला तर बरोबर, नख रुतलंच नाही तर वेळ गेली. एका शेतात ही अवस्था जेमतेम आठवडा-दहा दिवस टिकते. शेतकरी पेरण्या पुढेमागे करतात म्हणून डिसेंबरच्या शेवटापासून फेब्रुवारीच्या सुरुवातीपर्यंत हुरडा मिळत राहतो. जागा ठरवताना फोनवर दोन गोष्टी विचारा: वाण कोणता आणि हुरडा त्याच शेतातला की बाहेरून आणलेला. मंगळवेढ्याची मालदांडी भाकरीला नावाजलेली, पण हुरड्याला सुरती किंवा गूळभेंडी बरी. दाणा गोड असतो आणि चोळल्यावर बोंडातून सहज सुटतो.

सकाळी लवकर पोचा. आगटीत, म्हणजे जमिनीतल्या शेकोटीच्या खड्ड्यात, गोवऱ्यांचा लालबुंद विस्तव करून कणसं राखेत खुपसतात, दोन-तीन मिनिटांत काढून पोत्यावर किंवा तळहातावर चोळतात आणि सुपात पाखडतात. हा हुरडा पहिल्या दोन मिनिटांत खायचा, त्यामुळे ताट भरून सावलीत न्यायचं नाही, आगटीभोवतीच बसायचं. सोबत शेंगदाण्याची नाहीतर जवसाची चटणी, गूळ, दही, मधूनच बोरं आणि ढाळे, म्हणजे ओल्या हरभऱ्याचे डहाळे. बऱ्याच ठिकाणी आल्या-आल्या भजी आणि मिसळ पुढे करतात. ती हसून नाकारा, पोटात जागा ठेवा. हुरडा जड असतो. वर गटागटा पाणी प्यायलं की पोट फुगतं, त्यापेक्षा ताक प्या.

कणीस तोडलं की गोडी उतरायला लागते. तरीही शहरातल्या मंडईत सुटे दाणे मिळतात आणि ते चालवून घेता येतात. हिरवेगार, ओलसर दाणे बघून घ्या, पिवळट पडलेले कालचे असतात. दोन वाट्या दाणे लोखंडी तव्यावर मध्यम आचेवर टाका, दोन चमचे मिठाचं पाणी शिंपडा, दोन मिनिटं झाका, मग उघडं ठेवून तीन-चार मिनिटं हलवत राहा. दाणा मऊच राहायला हवा. कडक व्हायला लागला तर पाण्याचा एक हबका मारून उतरवा. उरलेले दाणे दोन मिनिटं परतून, पूर्ण गार करून फ्रीजरमध्ये ठेवले की महिना-दीड महिना राहतात. ते न वितळवता थेट तव्यावर टाका किंवा भरडून थालीपिठात घाला: दोन वाट्या भरडलेला हुरडा, अर्धी वाटी ज्वारीचं पीठ, पाव वाटी बेसन, कांदा, मिरची, कोथिंबीर, ओवा.

सोबतची चटणी: भाजून सोललेले शेंगदाणे १ वाटी, लसूण ८ पाकळ्या, तिखट दीड चमचा, जिरं अर्धा चमचा, मीठ. खलबत्त्यात तेल सुटेपर्यंत कुटायची. मिक्सरमध्ये करायची तर एकेक सेकंद थांबत फिरवा, भांडं तापलं की शेंगदाण्याचं लोणी होतं.

पोपटी

अलिबाग, पेण, रोहा या भागात जानेवारी-फेब्रुवारीत वालाच्या शेंगा भरल्या की पोपटी लागते. मडक्याच्या तळाला भांबुर्डा या वासाच्या रानवनस्पतीचा पाला, त्यावर शेंगा, जाडं मीठ आणि ओवा, मध्ये बटाटे, रताळी, अंडी, आणि मसाला चोळून केळीच्या पानात बांधलेली कोंबडी. तोंड पुन्हा भांबुर्ड्याने घट्ट कोंबून मडकं उलटं ठेवायचं आणि भोवती पेंढा-काटक्या रचून पेटवायचं. पाण्याचा थेंब नाही, सगळं पाल्याच्या आणि शेंगांच्या वाफेवर शिजतं. अर्ध्या-पाऊण तासाने मडक्यावर पाणी शिंपडून बघतात. चर्र होऊन लगेच उडालं की झाली.

घरी गॅसवर मडकं ठेवू नका, कोरडं मडकं थेट आचेवर तडकतं. जाड बुडाचं पातेलं घ्या, तळाशी केळीच्या पानाचे दोन थर आणि ओव्याची पानं अंथरा. भांबुर्डा ओळखीच्या माणसाकडून मिळाला तरच घ्या, त्याच्याऐवजी दिसायला तसाच कुठलाही रानपाला वापरू नका. एक किलो शेंगांना दीड मोठा चमचा जाडं मीठ आणि दोन चमचे ओवा. बटाट्याचे मोठे तुकडे, कोंबडी असेल तर तीही तळाशी, शेंगा वर. झाकणावर जड वजन ठेवून मोठ्या आचेवर पाच मिनिटं, मग मंद आचेवर ३५ ते ४० मिनिटं. मध्ये झाकण उघडलं की वाफ जाते आणि वरच्या शेंगा कच्च्या राहतात. कोंबडीचे तुकडे लहान करा आणि आधी दोन तास मुरवा. शेवटी हाडाजवळचं मांस गुलाबी दिसलं तर ते वेगळं काढून आणखी दहा मिनिटं शिजवा.

घरी आणताना

भरताची वांगी कागदात सुटी गुंडाळा आणि टोपलीत वरच्या बाजूला ठेवा. फ्रीजमध्ये टाकू नका, थंडीने साल खड्डे पडून तपकिरी होते आणि बिया काळ्या पडतात. बाहेर सावलीत तीन-चार दिवस ठीक राहतात. वालाच्या शेंगा प्लास्टिकच्या पिशवीत घामेजून बुरशी धरतात, त्यांना कापडी पिशवी हवी. कळण्याचं पीठ विकत घेतलंत तर दळल्याची तारीख विचारून डब्यावर लिहा. प्रवास संक्रांतीच्या आसपासचा असेल तर चार ओल्या शेंगा, मूठभर सोललेला हरभरा आणि एक वांगं वेगळं काढून ठेवा. गाजर, पावटा, बोरं, उसाचे तुकडे आणि तिळाचं कूट घातलं की भोगीची भाजी होते, आणि त्या दिवशी भाकरी बाजरीची, वर तीळ लावलेली.