जुन्या बोटीच्या इंजिनाचं आयडल मिक्श्चर कसं लावावं

धक्का जवळ आलाय. रेस कमी केली, गिअर न्यूट्रलला आणला आणि बोट थांबवायला रिव्हर्स टाकला. नेमकं तेव्हाच इंजिन बंद पडलं. रस्त्यावरच्या गाडीला ब्रेक असतो, बोटीला रिव्हर्स हाच ब्रेक. त्यामुळे जुन्या कार्ब्युरेटरवाल्या इंजिनाचं आयडल, म्हणजे रेस न देता संथ चालत राहणं, बिघडलेलं असेल तर ते लगेच मनावर घ्यावं. एक लांब दांड्याचा स्क्रू ड्रायव्हर, तासभर वेळ आणि शांत कान असले, तर हे काम घरच्या घरी होतं.

पण स्क्रूला हात सगळ्यात शेवटी लावायचा. इंजिन खडखडतंय असं वाटलं की आपण आधी मिक्श्चरचा, म्हणजे हवा-पेट्रोलच्या मिश्रणाचा, स्क्रू फिरवतो आणि दोष भलतीकडेच असतो. टाकीत महिनोन्‌महिने पडून राहिलेलं पेट्रोल, पाणी धरलेला फिल्टर, काजळी बसलेले स्पार्क प्लग, पुढे-मागे झालेलं ठिणगीचं टायमिंग, अर्धवट मिटून बसलेला चोक, हे सगळं आधी बघून घ्या. कार्ब्युरेटरखालचं गॅस्केट किंवा एखादी व्हॅक्यूमची नळी हवा ओढत असेल, तर मिक्श्चर कितीही फिरवलं तरी जागेवर येत नाही. ही गळती शोधायला अनेक जण गॅस्केटवर पेटणारा स्प्रे मारतात. बोटीच्या बंदिस्त इंजिनखान्यात तसं कधीही करू नका. हातभर रबरी नळी घ्या, एक टोक कानाशी धरा आणि दुसरं टोक जोडांवरून सावकाश फिरवा. गळती असली तर बारीक ‘स्सस’ ऐकू येतं. पट्टे आणि पुल्या फिरत असतात, तेव्हा नळी आणि बाह्या त्यांच्यापासून दूर ठेवा.

सुरक्षिततेच्या तीन गोष्टींना फाटा देऊ नका. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते, ती बोटीच्या तळाशी साचून राहते आणि एका ठिणगीने भडकते. आत बसवलेलं इंजिन असेल तर झाकण उघडून आधी वास घ्या आणि वाफ बाहेर फेकणारा ब्लोअर किमान चार-पाच मिनिटं चालवून मगच चावी फिरवा. कार्ब्युरेटरच्या तोंडावरचा फ्लेम अरेस्टर, म्हणजे धातूची जाळी, काम चालू असतानाही जागेवरच हवी. इंजिनाने उलटा भडका मारला तर तो तिथेच अडतो. दुसरं, इंजिन पाण्याशिवाय क्षणभरही चालवू नका, पंपातला रबरी इम्पेलर कोरडा फिरला की बघता बघता जळतो. तिसरं, हे काम उघड्यावर करा. धुरातल्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो.

आता स्क्रू ओळखूया. कार्ब्युरेटरवर साधारण दोन प्रकारचे स्क्रू दिसतात. एक थ्रॉटलच्या लिव्हरला टेकलेला असतो. तो फक्त आयडलचा वेग ठरवतो. दुसरा कार्ब्युरेटरच्या अंगात शिरलेला असतो, त्याच्या टोकाला निमुळती सुई असते आणि डोक्याखाली बहुधा स्प्रिंग. हा मिक्श्चरचा. दोन बॅरलच्या कार्ब्युरेटरवर असे दोन मिक्श्चर स्क्रू असतात.

मिक्श्चरचा स्क्रू कोणत्या बाजूला आहे, यावर त्याची दिशा ठरते. थ्रॉटलच्या पाकळीपलीकडे (रेस दिली की उघडते ती पाकळी), इंजिनाच्या बाजूला असेल, तर तो पेट्रोल सोडतो: आत पिळला की मिश्रण लीन (पेट्रोल कमी), बाहेर काढला की रिच (पेट्रोल जास्त). पाकळीच्या अलीकडे, हवा शिरते त्या तोंडाकडे असेल, तर तो हवा सोडतो आणि सगळं उलट होतं. काही छोट्या इंजिनांवर हा हवेचा स्क्रू सापडतो. पुढे मी पहिल्या प्रकारचा स्क्रू धरून लिहितोय.

इंजिन बंद असताना सध्याची जागा मोजून ठेवा. स्क्रूच्या खाचेला घड्याळाचा काटा समजा आणि आत पिळत फेरे मोजा. सव्वा फेऱ्यात टेकला का पावणेदोन फेऱ्यांत, ते लगेच वहीत लिहा आणि स्क्रू तेवढाच परत बाहेर काढा. टेकतोय असं बोटाला जाणवलं की थांबायचं. एकदा मी ‘जरा पक्का बसवू’ म्हणून पिळला. सुई काढून उन्हात धरली तेव्हा टोकाच्या निमुळत्या भागावर गोल वळ उठलेला दिसला, अंगठी रुतल्यासारखा. नवी सुई घालेपर्यंत ते इंजिन एका जागी स्थिर झालं नाही. म्हणून आत जाताना स्क्रू ड्रायव्हर मुठीत धरू नका, दोन बोटांत धरा.

मूळ जागा कुणीतरी आधीच बिघडवली असेल, तर इंजिनाच्या पुस्तकात दिलेला आकडा घ्या. पुस्तक नसेल तर टेकल्या जागेपासून दीड फेरा बाहेर, इथून बहुतेक इंजिनं निदान चालू तरी होतात. दोन स्क्रू असतील तर दोन्ही सारखेच.

बोट पाण्यात, दोरांनी पुढून-मागून घट्ट बांधलेली असावी. सुकाणूपाशी एक माणूस बसवा, इंजिन झटकन बंद करणाऱ्या किल स्विचची दोरी त्याच्या हाताला. बोटीच्या पंख्याच्या (प्रोपेलरच्या) आसपास पाण्यात कुणी नको. किनाऱ्यावर नळाचं पाणी लावूनही इंजिन चालतं, पण तिथे लावलेलं आयडल पाण्यात उतरल्यावर टिकत नाही. पंख्यावर भार नसतो, आणि ज्या इंजिनाचा धूर पाण्याखाली सुटतो त्याला पाण्याचा उलटा दाबही जाणवत नाही. किनाऱ्यावर केलेलं काम कच्चं धरा.

इंजिन पुरतं गरम होऊ द्या, दहा-पंधरा मिनिटं. चोक पूर्ण उघडला आहे ना, डोळ्यांनी बघा. मग न्यूट्रलमध्ये मिक्श्चरचा स्क्रू अष्टमांश फेऱ्याने आत घ्या आणि थांबा. दहा-पंधरा सेकंद काहीच करू नका. इंजिनाला फरक जाणवायला वेळ लागतो आणि घाई करणारा माणूस बरोबर जागा ओलांडून पुढे जातो. असं करत आत गेलात की वेग पडायला लागतो, एखादा ठोका चुकतो. ही लीन बाजूची हद्द. तिथून बाहेर या. वेग चढेल, गुळगुळीत होईल, मग हळूहळू आवाज जड होईल, इंजिन डुलायला लागेल, धुराला कच्च्या पेट्रोलचा वास येईल. ही रिच बाजूची हद्द. दोन हद्दींच्या मधली जागा पकडा आणि तिथून जेमतेम अष्टमांश फेरा रिचकडे सरका. दोन स्क्रू असतील तर आलटून पालटून, दोन्ही तेवढेच फिरवत. व्हॅक्यूम गेज असेल तर काटा सर्वांत वर आणि स्थिर राहतो ती जागा.

टू-स्ट्रोक इंजिनात हा थोडा रिच झुकाव अगदीच गरजेचा. अनेक जुन्या इंजिनांत तेल पेट्रोलमध्येच मिसळलेलं असतं. मिश्रण लीन झालं की पेट्रोलबरोबर तेलही कमी पोहोचतं आणि दट्ट्या घासू लागतो. लीन टू-स्ट्रोक आयडलवर अधूनमधून कार्ब्युरेटरमधून शिंकतं. शिंक ऐकू आली की स्क्रू थोडा बाहेर.

स्क्रू पूर्ण आत टेकवूनही इंजिन चालूच राहत असेल, तर तिथेच थांबा. पेट्रोल दुसऱ्या वाटेने येतंय. बहुतेक वेळा वेगाच्या स्क्रूने थ्रॉटलची पाकळी इतकी उघडलेली असते की तिच्या काठाजवळची पुढची फट उघडी पडून तिथून पेट्रोल ओढलं जातं. वेगाचा स्क्रू सैल करून पुन्हा पहिल्यापासून सुरू करा. तरीही तेच झालं तर कार्ब्युरेटरमधल्या पेट्रोलची उंची राखणाऱ्या फ्लोटची पातळी किंवा आतली गळती तपासावी लागेल, म्हणजे कार्ब्युरेटर खोलणं आलं.

आता फॉरवर्ड गिअर टाका. भार येताच वेग पडेल. पुस्तकात गिअरमधला आयडल दिलेला असतो, बऱ्याच जुन्या इंजिनांत तो मिनिटाला ६०० ते ७०० फेऱ्यांच्या आसपास. तेवढा वेग लिव्हरच्या स्क्रूने लावा, मग न्यूट्रलमध्ये येऊन मिक्श्चर पुन्हा कानाने तपासा, कारण एक हलवला की दुसरा थोडा सरकतो. दोन-तीन वेळा हा फेरा करावाच लागतो. न्यूट्रलमध्ये रेस झटकन वाढवून बघा: इंजिन अडखळलं किंवा खोकलं तर अजून लीन आहे, काळा धूर ओकलं तर रिच.

दोर बांधलेलेच असताना फॉरवर्ड, न्यूट्रल, रिव्हर्स असं दहा-बारा वेळा करा, प्रत्येक ठिकाणी क्षणभर थांबून. नंतर इंजिन बंद करून पंधरा मिनिटं तसंच तापलेलं ठेवा, ब्लोअर चालवा आणि पुन्हा चालू करून लगेच रिव्हर्स टाका. तिथेही ते तग धरून राहिलं, की टेकल्या जागेपासूनचे फेरे मोजा, आकडा आणि तारीख वहीत लिहा आणि स्क्रूच्या खाचेसमोर रंगाचा एक ठिपका द्या.