कोच काढला? खापर कुणाच्या डोक्यावर फोडायचं ते आधी बघा

एनबीएतल्या, म्हणजे अमेरिकेतल्या बास्केटबॉल लीगमधल्या, माझ्या टीमचं नाव सांगत नाही, टोमणे खाऊन पोट भरलंय. पहिला कोच काढला तेव्हा मी कोचला शिव्या घातल्या, दुसरा काढला तेव्हा मॅनेजमेंटला. आता तिसरा गेलाय. या वेळी शिव्यांच्या आधी वही काढली. तुम्हीही काढा.

पहिल्यांदा तारीख आणि हार-जीत लिहा, शेजारी करार कधीचा तेही. डिसेंबर २०२४ मध्ये सॅक्रामेंटोने कोच माइक ब्राउनला १३-१८ वर (१३ विजय, १८ पराभव) काढलं. आकडा वाईटच. पण त्याचा करार त्याच उन्हाळ्यात वाढवला होता, सात महिनेही झाले नव्हते. मग चुकलं कुणाचं, कोचचं की सही करणाऱ्यांचं?

मग कोचच्या हातात काय होतं ते तपासा. यासाठी जुनी मॅच परत बघावी लागते, कंटाळा करू नका. माझ्या वहीतलं एक पान: तिसरा क्वार्टर, समोरच्यांचे सलग ७ पॉइंट, टाइमआउट नाही. ९ झाले, तरी नाही. १२ झाल्यावर घेतला. परत आल्यावर ठरवलेली चाल वगैरे काही नाही. गार्डने बारा सेकंद बॉल आपटला आणि दोघांच्या हातांवरून कसातरी फेकला. हे कोचचं पाप. असं मॅचमागून मॅच दिसत असेल तर तो गेला म्हणून गळे काढू नका. पण त्याच पानावर खाली लिहिलंय: बेंचवरच्यांनी थ्री, म्हणजे लांबून तीन पॉइंटचे शॉट, मारले १४, गेले २. आता शूटर आणायचे जनरल मॅनेजरने. ते नसतील तर कोचने काय स्वतः बूट चढवून उतरायचं?

तरी पहिली कुऱ्हाड कोचवरच पडते, कारण ते सोपं असतं. खेळाडू बदलायचा तर ट्रेडमध्ये, म्हणजे अदलाबदलीत, पगारांचा मेळ घाला, समोरच्या टीमला पटवा, वर ड्राफ्ट पिक (नवे खेळाडू निवडायची पाळी) द्या. कोचचा पगार सॅलरी कॅपमध्ये (खेळाडूंच्या एकूण पगारावरची मर्यादा) धरतच नाहीत. मालकाने खिसा हलका केला की झालं. डेट्रॉइटने २०२३ मध्ये मॉन्टी विल्यम्सशी सहा वर्षांचा, ७ कोटी ८५ लाख डॉलरचा करार केला. १४-६८ असा एकच सीझन, त्यात ओळीने २८ पराभव, आणि रामराम. आग सोमेश्वरी, बंब रामेश्वरी.

म्हणून कोचबरोबर आणखी कुणी गेलं का, हे जरूर बघा. एप्रिल २०२५ मध्ये डेन्व्हरने कोच मायकल मलोनला प्लेऑफच्या (विजेतेपदाच्या फेऱ्या) तोंडावर, सीझनच्या फक्त तीन मॅच उरलेल्या असताना काढलं. दोन वर्षांपूर्वी त्यानेच विजेतेपद आणलं होतं. घाई होती, पण जनरल मॅनेजर कॅल्व्हिन बूथलाही तेव्हाच घरी पाठवलं. निदान ताट दोघांचंही उचललं. माझ्या टीमचा जनरल मॅनेजर मात्र तिन्ही वेळा पत्रकार परिषदेत बसून 'नवी दिशा' म्हणाला.

नव्या कोचबद्दल लगेच भविष्य वर्तवू नका. क्लीव्हलँडने जानेवारी २०१६ मध्ये डेव्हिड ब्लॅटला ३०-११ वर काढलं, टायरन लू आला आणि त्याच वर्षी विजेतेपद. मिलवॉकीने जानेवारी २०२४ मध्ये एड्रियन ग्रिफिनला ३०-१३ वर काढलं. डॉक रिव्हर्सच्या हाताखाली १७-१९ आणि पहिल्याच फेरीत गाशा गुंडाळला. टोरंटोचं उदाहरण तर वादात वापरूच नका: ड्वेन केसीला काढून निक नर्सला आणलं आणि २०१९ मध्ये जिंकले खरे, पण मधल्या काळात क्वाय लेनर्डसारखा स्टार खेळाडू आला होता.

एवढं करूनही बोट वरच गेलं तर नाव घेऊन ओरडा. 'मॅनेजमेंट हाय हाय' कुणालाच लागत नाही. डॅलसच्या लोकांनी स्टार खेळाडू लुका डॉन्चिचच्या ट्रेडनंतर फेब्रुवारी २०२५ पासून 'फायर निको' लावून धरलं. जनरल मॅनेजर निको हॅरिसन नोव्हेंबरमध्ये गेला, कोच जेसन किड जागेवर राहिला.

मी नव्या कोचला वीस मॅच देणार आहे. वहीचं नवं पान आखलंय: टाइमआउट, मिनिटं, शेवटच्या पाच मिनिटांत कोण खेळलं. सगळ्यात वर मात्र जनरल मॅनेजरचं नाव आणि त्यापुढे ३.