घरात ऐकण्यासाठी महागडे हेडफोन घेताय? या चुका टाळा

हेडफोनवर पन्नास हजार, लाख, दीड लाख रुपये घालायला निघालेला माणूस हेडफोनबद्दल मिळेल ते सगळं वाचून काढतो. पण ते कुठल्या खोलीत ऐकायचे, कशाला जोडायचे आणि त्यावर कोणतं संगीत वाजणार, हे प्रश्न मात्र राहून जातात. महाग वस्तू घेऊनही मन भरत नाही, त्यामागे बहुतेक वेळा हेच असतं. म्हणून खालच्या बऱ्याच चुका खोली, यंत्र आणि संगीत यांच्याबद्दलच्या आहेत.

सगळे म्हणतात म्हणून ओपन-बॅक

घरी ऐकण्यासाठी उत्तम हेडफोनांची कुठलीही यादी काढा, वरची बहुतेक नावं ओपन-बॅकची (कपाची मागची बाजू जाळीची असलेल्यांची) असतात: सेनहायझरचे एचडी ६०० आणि एचडी ८०० एस, हायफायमनचे सुंदरा आणि आर्या, फोकलचा युटोपिया. त्यात तथ्य आहे. ड्रायव्हरच्या (आवाज काढणाऱ्या भागाच्या) मागे निघणारा आवाज कपात कोंडला जात नाही, जाळीतून बाहेर जातो, त्यामुळे ऐकू येणारा आवाज मोकळा आणि नैसर्गिक वाटतो.

पण ज्या जाळीतून आवाज बाहेर जातो, त्याच जाळीतून तो आतही येतो. डोक्यावरचा पंखा, स्वयंपाकघरातला मिक्सर, कुकरच्या शिट्ट्या, शेजारचा टीव्ही, खालचे हॉर्न, सगळं. लाखाच्या हेडफोनमध्ये ज्यासाठी पैसे मोजले, त्या बारीक गोष्टीच पंख्याच्या घरघरीत आधी बुडतात: तंबोऱ्याच्या तारेचा विरत जाणारा नाद, गायकाने घेतलेला श्वास, सभागृहात रेंगाळणारा घुमारा. मग आपण आवाज वाढवतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या हिशोबाने ८० डेसिबलला आठवड्याला ४० तास ऐकलं तर कानांना धोका नाही, पण ९० डेसिबलला ही मुदत ४ तासांवर येते. रोज तासभर पंख्यावर मात करत ऐकणाऱ्याची ती आठवड्याच्या मध्यावरच संपते. शिवाय बाजूला झोपलेल्या माणसालाही तुमचा राग यमन ऐकू येतो, ते वेगळंच.

खरेदीआधी एक करा. जिथे बसून ऐकणार त्याच जागी, त्याच वेळेला, काहीही न लावता दहा मिनिटं बसा आणि खोलीत काय काय ऐकू येतं ते लक्षात घ्या. रात्री अकरानंतर सगळं शांत होत असेल तर ओपन-बॅक खुशाल घ्या. दिवसा, भरल्या घरात ऐकणार असाल तर माझं स्पष्ट मत असं की चांगला क्लोज्ड-बॅक (मागून बंद कपांचा) घ्यावा, मग तज्ज्ञ त्याला दुय्यम म्हणोत. फोकलचा स्टेलिया, ऑडिझीचा एलसीडी-एक्ससी, डॅन क्लार्क ऑडिओचे एऑन हे त्या वाटेवरचे हेडफोन. एक पथ्य मात्र पाळायला हवं. क्लोज्ड-बॅकचा बास पॅड कानाभोवती घट्ट बसण्यावर अवलंबून असतो. चष्म्याच्या काडीने फट पडली तर खालचे स्वर गळतात. चष्मा वापरत असाल तर चष्मा लावूनच ऐकून बघा.

ओहमचा आकडा बघून अॅम्प ठरवणं

"३०० ओहम म्हणजे मोठा अॅम्प लागणार, ३२ ओहमला फोन पुरे." हे इतक्यांदा सांगितलं जातं की खरंच वाटतं. अॅम्प म्हणजे हेडफोनला ताकद पुरवणारा अॅम्प्लिफायर. ओहम हे इम्पीडन्सचं, म्हणजे हेडफोन विजेला करतो त्या अडथळ्याचं, एकक, आणि तो आकडा अर्धीच गोष्ट सांगतो. उरलेली अर्धी सेन्सिटिव्हिटी सांगते, म्हणजे दिलेल्या विजेत हेडफोन किती मोठा वाजतो ते.

३०० ओहमच्या एचडी ६०० ला एक व्होल्ट दिला की आवाज १०० डेसिबलच्या आसपास जातो आणि त्यासाठी लागणारी वीज असते जेमतेम ३ मिलिवॉट. फोनला लावायचा चांगला डोंगल साधारण एक व्होल्ट देतो, म्हणजे तो अगदीच निरुपयोगी नाही. याउलट हायफायमनचा सुसवारा. त्याचा इम्पीडन्स फक्त ६० ओहम, पण सेन्सिटिव्हिटी मिलिवॉटला ८३ डेसिबल. त्याच १०० डेसिबलसाठी त्याला ५० मिलिवॉट लागतात आणि तबल्याच्या उठावासारख्या क्षणाला ११० पर्यंत जायचं तर अर्धा वॉट. ओहमवरून ठरवणारा माणूस इथे नेमका उलटा फसतो.

सेन्सिटिव्हिटीचे आकडे ताडतानाही एकक बघा. काही कंपन्या 'मिलिवॉटला इतके डेसिबल' असं छापतात, काही 'व्होल्टला इतके'. ३२ ओहमच्या हेडफोनसाठी या दोन आकड्यांत १५ डेसिबलचा फरक पडतो, ३०० ओहमसाठी सुमारे ५ चा. एका खोक्यावरचा ११५ आणि दुसऱ्यावरचा १०० प्रत्यक्षात एकच असू शकतात.

अॅम्प घेताना आणखी एक आकडा विचारा: आउटपुट इम्पीडन्स, म्हणजे अॅम्पचा स्वतःचा अडथळा. तो हेडफोनच्या इम्पीडन्सच्या आठव्या हिश्श्याहून कमी असावा, हा जुना आणि कामाचा नियम आहे. ट्रान्सफॉर्मर नसलेल्या व्हॉल्व्ह अॅम्पचा आणि स्पीकरच्या जुन्या अॅम्पवरच्या हेडफोन जॅकचा हा आकडा शंभरच्या वरही असतो. एचडी ६०० चा इम्पीडन्स १०० हर्ट्झजवळ ५०० ओहमच्या पुढे चढतो, त्यामुळे अशा अॅम्पवर त्याचा बास थोडा फुगतो. कित्येकांना ती ऊब आवडते, आणि आवडली तर आनंदच आहे. पण तोच अॅम्प कमी ओहमच्या डायनॅमिक (नेहमीच्या, गुंडाळीच्या ड्रायव्हरच्या) हेडफोनला जोडला तर खालचा आवाज पार गढूळ होऊ शकतो. प्लेनर (पातळ, सपाट पडद्याच्या) हेडफोनांचा इम्पीडन्स जवळपास सपाट असल्याने त्यांच्या सुरावर याचा फारसा परिणाम होत नाही, फक्त आवाज कमी होतो.

दुकानात पाच मिनिटं ऐकून निवडणं

दोन हेडफोनांतला जो थोडा मोठा वाजतो तोच चांगला वाटतो. हा कानाचा स्वभाव आहे, अनुभवी माणसांचाही. फरक डेसिबलभराचा असला तरी 'मोठा' असं न वाटता 'स्पष्ट' असं वाटतं. म्हणून तुलना करताना आवाज सारखा करून घ्या. पिंक नॉइज (वरखालचे सगळे स्वर मिसळलेला सळसळता आवाज) लावून फोनवरचं ध्वनिमापक अॅप प्रत्येक पॅडशी एकाच अंतरावर धरलं तर जुळवणी पुरेशी होते. अचूक आकडा मिळत नाही, पण तो लागतही नाही.

दुसरा सापळा ट्रेबलचा. वरचे स्वर उचललेला हेडफोन पहिल्या पाच मिनिटांत जिंकतो, सगळं लखलखीत वाटतं. तासाभराने तोच टोचायला लागतो. सेनहायझरने २००९ च्या एचडी ८०० मध्ये ६ किलोहर्ट्झजवळ असलेला टोकदारपणा कमी करण्यासाठी २०१६ च्या एचडी ८०० एसमध्ये मुद्दाम शोषक बसवला. इतक्या वरच्या पायरीवरही हा प्रश्न सुटलेला नव्हता.

ऐकायला दुकानाची डेमो प्लेलिस्ट नको. आपल्याकडच्या श्रोत्याला विलंबित ख्यालाच्या चांगल्या ध्वनिमुद्रणासारखी कसोटी नाही. माझं लक्ष चार ठिकाणी असतं. गायक पूर्ण आवाजात असतानाही मागचा तंबोरा वेगळा ऐकू येतो का, त्याची जवारी झंकारते की नुसती भुणभुण होते? डग्ग्यावर तळवा घासून काढलेली मींड सुरात सरकते का, की फक्त 'धुम्' असा ठोका पडतो? मधला बास जास्त असेल तर ती मींड हमखास हरवते. हार्मोनियम गायकाच्या मागोमाग त्याच पट्टीत चालते तेव्हा दोघे वेगळे राहतात का? आणि बंदिशीतला 'स' किंवा 'च' कानात टोचतो का? एवढ्याची उत्तरं मनासारखी आली की बाकीचं परीक्षण दुसऱ्यांवर सोडलं तरी चालेल.

जुनी ध्वनिमुद्रणं विसरणं

तुमचं निम्मं ऐकणं ७८ आरपीएमच्या तबकड्यांवरून उतरवलेली नाट्यपदं किंवा आकाशवाणीचे जुने कार्यक्रम असेल तर खर्च जपून करा. ही ध्वनिमुद्रणं मोनो आहेत. दोन्ही कानांत एकच आवाज जातो आणि गाणं डोक्याच्या मधोमध बसतं. कितीही महाग हेडफोन घेतला, 'साउंडस्टेज' (आवाजाचा पसारा) कितीही वाखाणलेला असला, तरी जे मुद्रित झालंच नाही ते पसरणार नाही. उलट वरचे स्वर धारदार दाखवणारा हेडफोन तबकडीची खरखर पुढे आणतो. अशा संग्रहासाठी एचडी ६०० किंवा एचडी ६५० सारखा मध्य सप्तकात मुरलेला हेडफोन मी चौपट किमतीच्या हेडफोनपेक्षाही आधी सुचवेन.

वजन

ऑडिझीचा एलसीडी-एक्स ६१२ ग्रॅमचा, एचडी ६०० चा भार २६० ग्रॅम. दुकानात हा फरक सुसह्य वाटतो, दोन तासांच्या मैफिलीत मान सांगते.

केबल आणि 'बर्न-इन'

हेडफोनसोबत आलेली केबल धड असेल तर दहा हजारांच्या केबलला माझा विरोध आहे. ते पैसे हेडफोनच्या बजेटमध्ये घाला. आणि 'दोनशे तास वाजवा, मग खुलेल' यावर विसंबून परतीची मुदत घालवू नका. पॅड दबून थोडा बदल होतो, आपला कानही सरावतो. पण पहिल्या आठवड्यात खटकलेला सूर बहुधा खटकतच राहतो.

बदल हवाच असेल तर इक्वलायझर वापरा, तो फुकट आहे. विंडोजवर इक्वलायझर एपीओ, अँड्रॉइडवर वेव्हलेट. बास ६ डेसिबल उचललात तर प्रीअॅम्प (इक्वलायझरमधली एकूण आवाजाची पातळी) तेवढाच खाली आणा, नाहीतर आवाज फाटेल आणि दोष हेडफोनला लागेल.

घेतल्यावर काही बिनसलं तर

एका बाजूचा आवाज कमी वाटतो? हेडफोन उलटा घाला. कमी आवाज त्याच कानात राहिला तर दोष कानाचा, आणि कित्येकदा तो नुसता मळ असतो. कमी आवाज हेडफोनबरोबर दुसऱ्या कानात गेला तर डाव्या-उजव्या केबल अदलाबदल करून बघा, म्हणजे दोष ड्रायव्हरचा की केबल-अॅम्पकडचा ते कळेल. फक्त अगदी हळू आवाजावरच फरक वाटत असेल तर तो अॅम्पच्या व्हॉल्यूमच्या खुंटीचा दोष, तो बऱ्याच अॅम्पमध्ये असतो. गेन (अॅम्प आवाज किती पट वाढवतो ते) कमी करून खुंटी वर फिरवा.

एचडी ६०० च्या केबलच्या टोकाला दोन पिना असतात, एक जाड आणि एक बारीक. त्या एकाच बाजूने बसतात. जोर लावून उलट्या घातल्या तर खाच बिघडते.

लॅपटॉप चार्जिंगला लावला की घूं असा आवाज येतो? चार्जर काढा. आवाज थांबला तर हेडफोन आणि अॅम्प बहुधा निर्दोष आहेत, भानगड अर्थिंगची असू शकते. जुन्या इमारतींत तीन पिनांचा सॉकेट असतो, पण कित्येकदा मागे अर्थची तार जोडलेलीच नसते. इलेक्ट्रिशियनकडून तपासून घ्या.

ठरावीक खालच्या स्वरावरच, समजा डग्ग्याच्या घुमाऱ्यावर किंवा खर्जाच्या तारेवर, बारीक खरखर येते आणि बाकी सगळं स्वच्छ असतं. ड्रायव्हर गेला असं समजून लोक घाबरतात. आधी पॅड काढा, त्यामागचा पातळ स्पंज अलगद उचला आणि उजेडात बघा. बहुतेक वेळा पडद्याला टेकलेला एखादा केस सापडतो. चिमट्याने, पडद्याला धक्का न लावता तो काढला की खरखर जाते. प्लेनर हेडफोनच्या बाबतीत हे स्वतः उघडून करू नका, आणि कप कानावर दाबून बंद-उघडही करू नका. आत दाब कोंडून पातळ पडदा दुखावतो.

बास हळूहळू कमी होत गेला असेल तर पॅड बघा. दबलेला, कडक झालेला पॅड सूर बदलतो. कोकणात आणि मुंबईत पावसाळ्यात कृत्रिम चामड्याचे पॅड सोलून निघतात, म्हणून हेडफोन डब्यात सिलिका जेलच्या पुड्यांसोबत ठेवावा. खरेदीआधी दुकानदाराला दोन गोष्टी विचारा: या मॉडेलचे पॅड भारतात सुटे मिळतात का, आणि वॉरंटी भारतात चालते का? १९९७ मध्ये आलेल्या एचडी ६०० चे पॅड, केबल, हेडबँडची गादी आजही सुटी मिळते. परदेशातून स्वस्तात आणलेल्या मोठ्या नावाच्या हेडफोनसाठी मात्र पॅडच्या एका जोडीसाठीही महिनाभर थांबावं लागू शकतं.